‘झ स्युई फँ’ पुन्हा पुन्हा का येतं? फ्रेंच ‘आव्वार’च्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

जळगावात संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला येणारी मंडळी साधारण तीन प्रकारची. अकरावी-बारावीला मार्क निघतात म्हणून हा विषय घेतलेली मुलं, पुढच्या शिक्षणासाठी फ्रान्सला निघालेले इंजिनिअर, आणि स्टेशनवरून परदेशी पाहुणे अजिंठ्याला नेणारे गाडीवाले. वयं वेगळी, गरजा वेगळ्या, चूक मात्र सगळ्यांची एकच. ‘मला भूक लागली’ म्हणायचं असलं की तोंडातून ‘झ स्युई फँ’ निघतं. सुधारलं की ‘हो हो, झे फँ’ म्हणतात. दोन मिनिटांनी तहान लागते आणि लगेच ‘झ स्युई स्वाफ’. म्हणजे चूक सुधारली जाते, पण जिरत नाही. व्याकरणाच्या पेपरात हीच माणसं ‘आव्वार’ या क्रियापदाची सगळी रूपं बिनचूक लिहितात, हे विशेष.

ही चूक परत परत का येते आणि कायमची कशी घालवायची, ते इथे लिहितो. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिले आहेत. स्पेलिंग पुस्तकात आहेच, इथे प्रश्न बोलण्याचा आहे. ‘फँ’, ‘आँ’, ‘ओं’ नाकातून काढायचे. ‘वूजावे’सारख्या शब्दातला ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना लागू द्यायचा. ‘त्यु’मध्ये ओठ ‘ऊ’चे आणि जीभ ‘ई’ची. ‘झे’मधला ‘झ’ ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा मऊ, ‘झेंडा’सारखा जोरकस नाही. आणि ‘ज’ लिहिला असेल तिथे तो ‘रोज’मधला, ‘जेवण’मधला नव्हे. हा शेवटचा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

बिघाड कुठे आहे

पहिल्या आठवड्यात सगळ्यांना एक कोष्टक मिळतं: ‘एत्र’ म्हणजे असणे (‘मी आहे’ला ‘झ स्युई’), ‘आव्वार’ म्हणजे इंग्रजीतला ‘टू हॅव’ (‘माझ्याकडे आहे’ला ‘झे’). गोंधळाची सुरुवात तिथेच होते. मराठीत ‘हॅव’ला एकच एक क्रियापद नाही. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘त्याचं घर आहे’ असं म्हणतो, आणि सगळीकडे ‘आहे’. मग डोक्यातला प्रत्येक ‘आहे’ सरळ ‘एत्र’च्या खात्यावर जमा होतो. त्यात इंग्रजीची भर. ‘आय अॅम हंग्री’ आधी पाठ असतं, म्हणून भुकेचं वाक्य मराठीतून इंग्रजीत जातं आणि तिथून फ्रेंचमध्ये. जळगावहून भुसावळला जायचं आणि गाडी मनमाडची पकडायची, असा हा प्रकार.

गंमत म्हणजे इथे मराठी इंग्रजीपेक्षा फ्रेंचला जवळ आहे. इंग्रजीतलं ‘हंग्री’ हे विशेषण. ‘फँ’ हे नाम, आपल्या ‘भूक’सारखंच. ‘स्वाफ’ म्हणजे तहान, ‘सोमेय’ म्हणजे झोप, ‘पअर’ म्हणजे भीती, ‘ओंत’ म्हणजे लाज, ‘बज्वँ’ म्हणजे गरज. सगळी नामं. आपण कधी ‘मी भूक आहे’ म्हणत नाही, ‘मला भूक लागली’ म्हणतो. आणि ‘झ स्युई फँ’चा शब्दशः अर्थ नेमका ‘मी भूक आहे’ असाच होतो.

तेव्हा दुरुस्ती अशी: वाक्याच्या शेवटच्या ‘आहे’कडे बघायचं नाही, सुरुवातीच्या ‘मला’कडे बघायचं. भुसावळ-यावलकडे घरात ‘मले’ म्हणत असाल, धुळे-शिरपूरकडे ‘माले’ म्हणत असाल, तरी चालेल, खूण तीच. ‘मला’ अधिक एखादं नाम (भूक, तहान, झोप, भीती, लाज, गरज, सवय, हक्क) दिसलं की तोंड ‘झे’ने उघडायचं. मागचं क्रियापद लागणे असो, वाटणे असो, येणे असो, वाजणे असो, त्याची पर्वा करायची नाही. ‘माले भूक लागनी’ असं मनात म्हणा आणि थेट ‘झे फँ’वर या. मध्ये इंग्रजीला थांबा देऊ नका.

‘मला सवय आहे’ हे ‘झे लाबित्युद’. ‘मला हक्क आहे’ हे ‘झे ल द्र्वा’. ‘मला पाण्याची गरज आहे’ हे ‘झे बज्वँ दो’. या शेवटच्या वाक्यात आणखी एक सोय आहे. ‘पाण्याची’मधला ‘ची’ फ्रेंचमध्ये ‘द’ होऊन येतो, आणि ‘ओ’ म्हणजे पाणी, म्हणून ‘द ओ’चं ‘दो’. चहाची तलफ आली तर ‘झे आँवी दँ ते’. गरज, तलफ, भीती कशाची ते सांगायचं असलं की ‘द’ लागतोच, जसा आपला चा-ची-चे.

कोष्टक तोंडाने म्हणा, डोळ्यांनी नको

रूपं सहाच आहेत: झे, त्यु आ, इल आ, नूजावों, वूजावे, इल्‌जों. ‘ती’साठी ‘एल आ’. रोजच्या बोलण्यात ‘नूजावों’ फारसं ऐकू येत नाही. ‘आपण, आम्ही’साठी फ्रेंच लोक ‘ओं ना’ म्हणतात. दोस्ताशी बोलताना ‘त्यु आ’चं नुसतं ‘ता’ होतं: ‘ता फँ?’ म्हणजे ‘भूक लागली का रे?’ पाहुण्यांशी मात्र ‘वूजावे’च. गाडीत बसलेल्या साठीच्या बाईंना पहिल्याच भेटीत ‘ता स्वाफ?’ विचारलं तर त्या काही बोलणार नाहीत कदाचित, पण आपल्याकडे नव्या पाहुण्याला ‘तू पाणी पिशील का’ विचारल्यासारखं त्यांना ते लागेल.

यात एक जागा अशी आहे की तिथे एका अक्षराने माणसाचा स्वभाव बदलतो. ‘इल्‌जों’ म्हणजे आव्वारचं ‘त्यांना/त्यांच्याकडे आहे’, आणि ‘इल्‌सों’ म्हणजे एत्रचं ‘ते आहेत’. फरक फक्त ‘ज’ आणि ‘स’चा. ‘इल्‌जों फ्र्वा’ म्हणजे ‘त्यांना थंडी वाजते’. ‘इल्‌सों फ्र्वा’ म्हणजे ‘ते लोक थंड आहेत, कोरडे आहेत’. आपल्या जिभेला ‘रोज’मधला ‘ज’ जन्मजात येतो, त्यामुळे हा फरक काढणं मराठी माणसाला अवघड जायचं कारण नाही. अडचण ऐकण्याची आहे, कारण आपण तिथे फरक असेल अशी अपेक्षाच करत नाही. फोनवर दोन्ही वाक्यं रेकॉर्ड करून मैत्रिणीला ऐकवा. तिने न सांगता कोणतं कोणतं ते ओळखलं तर जमलं.

उन्हाळ्यातला बिघाड

खानदेशात ही चूक सर्वांत जास्त एप्रिल-मे महिन्यांत पकडली जाते, आणि साहजिकच आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना माणूस दुसरं बोलणार तरी काय? पाहुणा गाडीत बसला की पहिला विषय उकाडा. आणि गाडीवाला मोठ्या उत्साहाने म्हणतो, ‘झ स्युई शो!’

‘शो’ म्हणजे गरम. पण ‘झ स्युई शो’चा अर्थ ‘मला उकडतंय’ होत नाही. तरुण मुलांच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘मी तयार आहे, चला, येतोच’ असा होतो. दुसरा अर्थ शरीरातल्या वेगळ्याच उष्णतेचा आहे, आणि अनोळखी माणसापुढे तो निघाला की समोरच्याला खिडकीबाहेर बघावं लागतं. म्हणून ही एक चूक बाकी सगळ्यांच्या आधी दुरुस्त करा.

इथेही मराठीच कामाला येते, कारण गरमीसाठी आपल्याकडेसुद्धा तीन वेगळी वाक्यं आहेत. मला उकडतंय. बाहेर ऊन आहे. चहा गरम आहे. फ्रेंचमध्येही तीनच, आणि तीन वेगळ्या क्रियापदांची. अंगाला जाणवतं ते ‘आव्वार’ने: ‘झे शो’. हवेचं ते ‘फेर’ या क्रियापदाने: ‘इल फे शो’. वस्तूचं ते ‘एत्र’ने: ‘से शो’. हवा आणि अंग यांची गल्लत केली तर फार बिघडत नाही, पाहुणा समजून घेतो. अंग आणि वस्तू यांची गल्लत झाली की वर सांगितलं ते होतं.

समजा दुपारी एकला जळगाव स्टेशनवर माणूस उतरला. ‘इल फे शो’ म्हणा, तो मान हलवेल. मग ‘वूजावे शो?’ विचारा, म्हणजे ‘तुम्हाला उकडतंय का?’ आणि एसी वाढवा. पुढे ढाब्यावर शेवभाजी आली, रस्सा उकळता आहे, तर ‘आताँस्यों, से शो!’ म्हणजे ‘सांभाळून, गरम आहे’. आणि पहिला घास घेतल्यावर त्याचे डोळे पाणावले तर ते तिखटामुळे, गरमीमुळे नाही. त्याला ‘सा पीक’ म्हणतात. खानदेशी काळ्या मसाल्यापुढे हे दोन शब्द तुम्हाला वरचेवर ऐकू येतील, तेव्हा ओळखून ठेवा.

थंडीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा ‘झे फ्र्वा’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’, आणि ‘इल फे फ्र्वा’ म्हणजे ‘थंडी आहे’.

जेवणावरून आणखी एक. भरीत-पुरी पोटभर झाल्यावर ‘पोट भरलं’ सांगायला मुलं ‘झ स्युई प्लँ’ म्हणतात, कारण शब्दकोशात ‘प्लँ’ म्हणजे ‘भरलेला’. बोलण्यात त्याचा अर्थ ‘मला चढली आहे’ असा निघतो. आणि बाईने ‘प्लेन’ हे रूप वापरलं तर अर्थ आणखी वाईट, कारण ‘प्लेन’ गाई-म्हशींना वापरतात, गाभण या अर्थी. ‘झे बियँ माँझे’ म्हणा, ‘मस्त जेवलो’. किंवा ‘झे प्ल्यू फँ’, ‘आता भूक नाही’. आग्रह करून वाढणाऱ्या घरात हे दुसरं वाक्य चारदा म्हणावं लागतं, फ्रेंच असो की अहिराणी.

मालकी सांगताना क्रियापद वस्तूच्या मागे धावतं

‘मला दोन भाऊ आहेत.’ यात ‘आहेत’ अनेकवचनी का? कारण भाऊ दोन आहेत. मराठीत क्रियापद वस्तूकडे बघतं. फ्रेंचमध्ये ते मालकाकडे बघतं. म्हणून मराठी मुलांच्या तोंडी ‘झों दअ फ्रेर’ असलं काहीतरी येतं, आणि पुस्तकात ते सापडत नाही म्हणून शिक्षक त्याला निष्काळजीपणा म्हणतात. तो निष्काळजीपणा नाही, मराठीचं सरळ व्याकरण आहे, चुकीच्या भाषेत लावलेलं. भाऊ दोन असोत की पाच, बोलणारा मी एकटा, म्हणून ‘झे दअ फ्रेर’. वडिलांचं शेत सांगायचं तर ‘मों पेर आ अँ शाँ’. शेतं चार असली तरी ‘आ’ तसाच राहतो, कारण वडील एकच.

भाऊ, गाडी, शेत, पैसे, ताप, वेळ. मराठीत मालकी कधी ‘मला’ने, कधी ‘माझ्याकडे’ने, कधी ‘माझं’ने, कधी ‘जवळ’ने सांगितली जाते. फ्रेंचमध्ये या चारही दारांतून एकच ‘आव्वार’ बाहेर येतं. हे एकदा पटलं की बराच भार उतरतो.

नकाराची एक कटकट आहे, ती इथेच निस्तरू. ‘माझ्याकडे गाडी आहे’ हे ‘झे युन व्वात्युर’. ‘नाही’ म्हणताना मुलं ‘झे पा युन व्वात्युर’ म्हणतात. बरोबर वाक्य ‘झे पा द व्वात्युर’. आव्वारच्या मागे ‘नाही’ आलं की ‘अँ’, ‘युन’ (दोन्हींचा अर्थ ‘एक’) आणि ‘दे’ (‘काही’) हे तिघेही निघून जातात आणि नुसता ‘द’ उरतो. टोलनाक्यावर, चहाच्या टपरीवर सर्वांत उपयोगी वाक्य हेच: ‘झे पा द मोने’, सुटे नाहीत. पण ‘मला वेळ नाही’ हे ‘झे पा ल ताँ’. तिथे ‘ल’ जात नाही, कारण तो त्या तिघांपैकी नाही. पुस्तकात नकारासाठी क्रियापदाच्या आधी एक ‘न’ असतो, ‘झ ने पा’. लिहिताना तो हवाच. बोलताना बहुतेक फ्रेंच माणसं तो गिळतात.

‘मला’ कुठे फसवतो

वरची खूण सगळीकडे चालत नाही, आणि हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर एक चूक जाऊन दुसरी येते. ‘मला उशीर झाला’ हे ‘झ स्युई आँ रतार’. ‘मला राग आला’ हे ‘झ स्युई आँ कोलेर’. ‘मला आनंद झाला’ हे ‘झ स्युई कोंताँ’. या तिघांना एत्र लागतं. ‘मला माहीत आहे’ हे ‘झ से’, आणि ‘मला पोहता येतं’ यातही तेच ‘झ से’. ‘मला आवडतं’ हे ‘झेम’. कंटाळ्याला स्वतंत्र क्रियापद आहे. यांचा काही नियम सांगता येत नाही. पाच-सहा वाक्यं आहेत, जशीच्या तशी पाठ करा आणि पुढे चला. उशीर तेवढा आधी करा, कारण तो रोज लागतो.

उलट बाजूने, जिथे आपण ‘मला’ म्हणत नाही पण आव्वार लागतं, अशा तीन जागा आहेत.

एक, खरं-खोटं. ‘तू बरोबर आहेस’ या वाक्यातून ‘त्यु ए’ निघतं. पण आपल्या आज्या ‘तुझं खरं आहे’, ‘माझं चुकलं’ असंच म्हणतात, आणि फ्रेंचही तेच म्हणतं: ‘त्यु आ रेजों’, ‘झे तोर’. ‘तुझं’, ‘माझं’ आलं की आव्वार.

दोन, दुखणं. ‘माझं डोकं दुखतं’ हे ‘झे माल आ ला तेत’. यात ‘माझं’ डोकं म्हणायची गरज नाही, डोकं कोणाचं ते ‘झे’नेच कळलं. पोट दुखत असेल तर ‘झे माल ओ वाँत्र’. फ्रान्सला जाणाऱ्या मुलांनी हे दोन्ही विमानात बसायच्या आधी तोंडात बसवावेत. डॉक्टरपुढे कोष्टक आठवत नाही. ताप असेल तर ‘झे द ला फिएव्र’.

तीन, वय. ‘देल्फ’ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राच्या ए-वन (सर्वांत पहिल्या) पातळीच्या तोंडी परीक्षेत पहिलाच भाग स्वतःबद्दलचा असतो: नाव, वय, घरचे. म्हणजे परीक्षा सुरू होऊन मिनिटही झालं नाही तोच ‘झ स्युई वँ’ (‘मी वीस आहे’) बाहेर पडतं. वय फ्रेंचमध्ये ‘असतं’ नाही, माणसाजवळ ‘जमलेलं’ असतं: ‘झे वँताँ’. शेवटचा ‘आँ’ म्हणजे वर्षं, तो सोडायचा नाही. आपण ‘मी वीसचा’ म्हणून थांबतो, तिथे थांबून चालत नाही. अठरा असेल तर ‘झे दिजुईताँ’. एकोणीस असेल तर ‘झे दिज्‌नवाँ’, इथे ‘नफ’मधल्या ‘फ’चा ‘व’ होतो. आणि घरी ‘विसावं लागलं’ असं म्हणत असतील तर तुमचं वय एकोणीस सांगायचं. परीक्षक पूर्ण झालेली वर्षं विचारतो.

‘झे’ सगळीकडे चिकटतो

आव्वार पक्कं झालं की दोन-तीन आठवड्यांनी नवाच आजार दिसतो. ‘झे’ इतका जिभेवर बसतो की प्रत्येक वाक्य त्यानेच सुरू होतं: ‘झे आबित जळगाव’, ‘झे पार्ल मराठी’. ‘मी जळगावला राहतो’ हे ‘झाबित आ जळगाव’, त्यात ‘झे’ नाही. ‘मी’ म्हणजे ‘झ’. ‘झे’ म्हणजे ‘झ’ आणि आव्वार दोन्ही एकत्र. या दोघांमध्ये कानाला फक्त एका मात्रेचा फरक आहे, म्हणून घोळ होतो.

पहिल्या प्रकारच्या क्रियापदांसाठी (पार्ले, माँझे वगैरे, म्हणजे ‘ए’ने संपणारी) एक खात्रीची तपासणी आहे. मात्रा एक तर दोन्हीकडे, नाहीतर कुठेच नाही. ‘झ माँझ’ म्हणजे ‘मी खातो’. ‘झे माँझे’ म्हणजे ‘मी खाल्लं’. ‘झे माँझ’ असं काही नसतं. केळं खाल्लं असेल तर ‘झे माँझे युन बानान’, खात असाल तर ‘झ माँझ युन बानान’. ‘झेम’ (मला आवडतं) बघून गडबडू नका. तिथला ‘ए’ ‘एमे’ या क्रियापदाचा स्वतःचा आहे.

भूतकाळ आणि आपला ‘ने’

भूतकाळात आव्वार मदतनीस म्हणून येतं, कधीकधी एत्र येतं, आणि कोणतं कधी याच्या याद्या पाठ करण्यात मुलांचा जीव जातो. याद्या कराव्या लागतीलच, पण अर्धं काम मराठीचा ‘ने’ करतो. ‘त्याने केळं खाल्लं’, ‘तिने चित्र काढलं’, ‘त्यांनी फोटो घेतला’. ‘ने’ लागला की आव्वार. (‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, म्हणून शंका आली की वाक्य ‘त्याने’वर नेऊन बघा.) ‘तो गेला’, ‘ती आली’, ‘तो पडला’, ‘ती जन्मली’, ‘तो मेला’ यांत ‘ने’ नाही, आणि फ्रेंचमध्ये इथे एत्र आहे: ‘इल ए ताले’, ‘एल ए वन्यु’.

याची खरी ताकद तिथे दिसते, जिथे एकच फ्रेंच क्रियापद दोन्ही मदतनीस घेतं. ‘सोर्तीर’ घ्या. ‘तो बाहेर गेला’ हे ‘इल ए सोर्ती’. ‘त्याने गाडी बाहेर काढली’ हे ‘इल आ सोर्ती ला व्वात्युर’. ‘मोंते’चंही तसंच: ‘तो वर गेला’ यात ‘इल ए मोंते’, ‘त्याने बॅग वर नेली’ यात ‘इल आ मोंते ला वालीज’. इंग्रजीच्या वाटेने गेलेल्याला हा अपवाद वाटतो. मराठीच्या वाटेने आलेल्याला यात अपवाद असा काही दिसतच नाही.

पण उलटं खरं नाही, हे ध्यानात ठेवा. ‘ने’ नाही म्हणून एत्र लावलंत तर फसाल. तो झोपला, तो हसला, तो पळाला, तो बोलला, तो जेवला: एकातही ‘ने’ नाही, तरी सगळे आव्वारवर जातात. ‘इल आ दोर्मी’, ‘इल आ री’, ‘इल आ कुर्यु’. एत्रच्या वाट्याला येणं-जाणं, चढणं-उतरणं, जन्मणं-मरणं, पडणं, राहणं अशी पंधरा-सोळा क्रियापदंच येतात. शिवाय आंघोळ करणं, उठणं यांसारखी स्वतःवर उलटणारी क्रियापदं एत्र घेतात, आणि तिथे ‘त्याने आंघोळ केली’मधला ‘ने’ दगा देतो. तेवढं वेगळं शिका.

अजिंठ्याच्या रस्त्यावर

सरावाला कोष्टकाची वही नको, रस्ता पुरतो. जळगाव ते अजिंठा लेणी साधारण ६० किलोमीटर. एवढ्या वाटेत ‘वूजावे’ने सुरू होणारे प्रश्न सहज विचारून होतात, आणि फ्रेंचमध्ये प्रश्नासाठी आवाज शेवटी चढवला तरी पुरतं. वूजावे स्वाफ? तहान लागली का? वूजावे दे बागाझ? सामान आहे का? वूजावे दे जाँफाँ? मुलं आहेत का? वूजावे बियँ दोर्मी? झोप नीट झाली ना? या शेवटच्या वाक्यातलं आव्वार भूतकाळाचं मदतनीस आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसलं तरी काही अडत नाही.

पोचल्यावर आव्वारचंच एक रूप हवं असतं: ‘इल या’, बोलताना नुसतं ‘या’. त्याचा अर्थ ‘तिथे आहे’. इथे पुन्हा आपला ‘आहे’ आडवा येतो आणि ‘ला-बा ए अँ रेस्तोराँ’ असं वाक्य बनतं. काही आहे-नाही एवढंच सांगायचं असेल, तर वस्तू एक असो की तीस, ‘या’ लावायचं: ‘या अँ रेस्तोराँ’, ‘या त्राँत ग्रोत’. लेण्यासाठी ‘ग्रोत’च म्हणा, इंग्रजीवरून ‘काव’ म्हणाल तर फ्रेंच माणसाच्या डोळ्यांपुढे वाइनचं तळघर येतं. नसेल तर ‘या पा द’: ‘या पा दो’ म्हणजे पाणी नाही. सोमवारी लेणी बंद असतात, ते सांगायला मात्र आव्वार लागत नाही: ‘लँदी, से फेर्मे’.

‘इल या’चं दुसरं काम ‘पूर्वी’चं. ‘दोन वर्षांपूर्वी’ हे ‘इल या दअजाँ’. आपण ‘पूर्वी’ मागे लावतो, ते पुढे लावतात, म्हणून मुलं आधी ‘दअजाँ’ म्हणून मोकळी होतात आणि मग ‘इल या’ला जागाच उरत नाही. काळ सांगायचा असेल तर आधी ‘इल या’ म्हणा, मग आकडा आठवा. आकडा आठवायला लागलेला वेळ फ्रेंच माणूस समजून घेतो.